एकच चेहरा, आधी आई मग वहिनी : रोमच्या पितळी नाण्यांवरच्या राजघराण्यातल्या बायका

यॉर्कवासी

मागच्या शनिवारी इथल्या नाण्यांच्या बाजारात एका विक्रेत्याने एक नाणं माझ्या तळहातावर ठेवलं. तो म्हणाला, "घेऊ नका, पण धरून तर बघा." मोठं, जड, पितळेचं नाणं. आपल्या जुन्या रुपयाच्या दुपटीहून जास्त वजन, रुंदी साधारण साडेतीन सेंटिमीटर. त्यावर उजवीकडे तोंड करून एक बाई. मानेवर सैल बांधलेली वेणी, कानामागून गळ्यावर उतरलेल्या बटा, हनुवटी ठाम. ही थोरली आग्रिपिना. रोमचा पहिला सम्राट ऑगस्टसची नात, सेनापती जर्मॅनिकसची बायको, कॅलिगुलाची आई.

तिची गोष्ट थोडक्यात सांगते, कारण त्याशिवाय नाणं कळत नाही. नवरा इ.स. १९ मध्ये अँटिऑकजवळ वारला. त्याला विष दिलं गेलं असं तिचं ठाम मत होतं. अस्थी घेऊन ती रोमला आली आणि पुढची दहा वर्षं सम्राट टायबेरियसशी तिचं उघड वैर राहिलं. शेवटी त्याने तिला पांडाटेरिया नावाच्या एवढ्याशा बेटावर हद्दपार केलं. तिथे इ.स. ३३ मध्ये ती अन्नपाण्यावाचून गेली. चार वर्षांनी टायबेरियस मेला आणि तिचा वाचलेला एकुलता मुलगा कॅलिगुला गादीवर आला. भर वादळात तो स्वतः जहाजाने त्या बेटावर गेला, आईच्या अस्थी हातांनी कलशात भरल्या आणि ऑगस्टसच्या समाधीत आणून ठेवल्या. मग हे नाणं पाडलं.

मागच्या बाजूला दोन खेचरांनी ओढलेली, छत असलेली दोनचाकी गाडी आहे. लॅटिनमध्ये कार्पेंटुम, मला ती पाहून आजोळची दमणी आठवली. रोम शहरात अशा गाडीतून फिरायचा मान व्हेस्टा देवीच्या पुजारणींना आणि सिनेटने (रोमच्या उमरावांच्या सभेने) खास परवानगी दिलेल्या मोजक्या बायकांना असे. आईच्या स्मरणार्थ कॅलिगुलाने खेळ सुरू केले, त्यांच्या मिरवणुकीत तिची प्रतिमा अशा गाडीतून नेली जाई. बाजूला अक्षरं : 'आग्रिपिनेच्या स्मृतीस, सिनेट आणि रोमन जनता'. जिचं नाव काढायची चोरी होती, तिचं नाव आता प्रत्येकाच्या कमरेच्या पिशवीत.

पण मला धागा काढावासा वाटला तो पुढच्या बाजूच्या अक्षरांमुळे. ती अशी : 'आग्रिपिना, मार्कसची मुलगी, गायस सीझर ऑगस्टसची आई'. गायस म्हणजे कॅलिगुला. बाप आहे, मुलगा आहे. नवरा कुठे नाही! ज्या जर्मॅनिकसवर अख्खं रोम जीव टाकत होतं, त्याचं नाव या नाण्यावर नाही.

आता पुढे ऐका. इ.स. ४१ मध्ये कॅलिगुलाचा खून झाला आणि त्याचा काका क्लॉडियस सम्राट झाला. क्लॉडियस म्हणजे जर्मॅनिकसचा सख्खा भाऊ. त्यानेही आग्रिपिनेचं नाणं पाडलं. तोच चेहरा, त्याच बटा. पण अक्षरं बदलली : 'आग्रिपिना, मार्कसची मुलगी, जर्मॅनिकस सीझरची'. मुलगा गळला, नवरा आला. मागची गाडीही गेली, तिथे फक्त क्लॉडियसच्या पदव्या आणि मधोमध 'एस सी' ही दोन मोठी अक्षरं.

पुतण्याने आई म्हणून पाडलेलं नाणं काकाने वहिनी म्हणून पाडलं. बाई तीच, आणि ती तर कधीच मरून गेलेली. दोन्ही नाणी मी विक्रेत्याच्या ट्रेमध्ये शेजारी शेजारी ठेवून पाहिली आणि घरी येईपर्यंत डोक्यातून गेली नाहीत.

इथे नाण्यांचे जाणकार आहेत. राजघराण्यातल्या बायका रोमन नाण्यांवर कशा आल्या, कुणामुळे आल्या, यावर ज्याला जे माहीत आहे ते लिहा.

जुनी_टांकसाळ

उत्तम धागा. त्या क्लॉडियसच्या नाण्यात आणखी एक नातं दडलंय. अनेक अभ्यासक ते ५० ते ५४ या काळातलं मानतात. त्याच्या आधी, ४९ मध्ये, क्लॉडियसने लग्न कुणाशी केलं? धाकट्या आग्रिपिनेशी. म्हणजे या थोरलीच्या मुलीशी, स्वतःच्या सख्ख्या पुतणीशी. त्यासाठी कायदा बदलून घ्यावा लागला होता. तेव्हा नाण्यावरची बाई त्याची वहिनी तर होतीच, शिवाय सासूही झाली होती. नव्या राणीचं माहेर किती मोठं हे बाजारभर सांगायचं तर तिच्या आईचा चेहरा पाडण्यासारखा दुसरा मार्ग नाही.

'एस सी' म्हणजे सेनातुस कोन्सुल्तो, सिनेटच्या ठरावाने. तांब्या-पितळेच्या नाण्यांवर ही अक्षरं बहुतेक असतातच. कॅलिगुलाच्या आग्रिपिना नाण्यावर ती नाहीत, हे त्या नाण्याचं वेगळेपण.

रानवाट

मला नाण्यांतलं काही कळत नाही, पण वाचायला मजा येतेय. एक साधा प्रश्न : या नाण्याला त्या काळी काय यायचं?

जुनी_टांकसाळ

@रानवाट, चांगला प्रश्न. हे मोठं पितळी नाणं म्हणजे सेस्टर्शियस. चार सेस्टर्शियसचा एक चांदीचा डिनेरियस. उलट बाजूने, एका सेस्टर्शियसचे दोन दुपोंडियस किंवा चार अस. ऑगस्टसच्या काळात साध्या सैनिकाचा वर्षाचा पगार ९०० सेस्टर्शियस. पाँपेईतल्या एका गुत्त्याच्या भिंतीवर दर लिहिलेला सापडलाय : एका असला साधी वाइन, दोनला बरी, चारला फालेर्नियन. फालेर्नियन म्हणजे तेव्हाची नावाजलेली वाइन. तर आग्रिपिनेचं हे एक नाणं दिलं की एक पेला फालेर्नियन.

सोन्याची नाणी सावकारांच्या आणि सेनापतींच्या हातात. भाजीवाली, न्हावी, हमाल यांच्या हातात खेळायची ती ही. राजवाड्याला सामान्य माणसाशी बोलायचं असेल तर याच नाण्यावर बोलावं लागे.

तांबटआळी

आमचं घर पिढीजात तांबटांचं, म्हणून धातूबद्दल दोन शब्द. सगळे यांना ब्राँझ म्हणतात, पण सेस्टर्शियस आणि दुपोंडियस हे पितळ, म्हणजे तांबं आणि जस्त. ब्राँझ म्हणजे कासं, त्यात कथील असतं. अस मात्र तांब्याचा. नवं पितळ सोन्यासारखं पिवळं दिसतं, तांबं लालसर. माझ्या वाचनात आलंय की पुरुष सम्राटांच्या नाण्यात दुपोंडियस ओळखायला डोक्यावर किरणांचा मुकुट दाखवत, असवर पानांचा. पण बायकांना तो किरणांचा मुकुट नसे. मग दुपोंडियस आणि अस आकाराने जवळपास सारखे असताना बाजारात माणूस ओळखणार कसा? रंगावरून. पिवळं ते दोनचं, लाल ते एकचं. आता दोन हजार वर्षांनी दोन्ही हिरवी-काळी पडली, म्हणून आज फॉस्टिना राणीचं मधल्या आकाराचं नाणं हातात आलं की जाणकारही अडखळतात.

आणि हात जोडून विनंती : असं नाणं कुणाकडे असेल तर चिंच-मीठ लावून घासू नका. आमच्याच एका नातेवाइकाने परदेशातून आणलेलं नाणं देवाच्या उपकरणांबरोबर चिंचेत टाकलं. वरचा हिरवा थर गेला आणि त्याबरोबर नाक, डोळा, अक्षरं, सगळंच गेलं. तो थर म्हणजे मळ नाही. नाण्याचा वरचा पृष्ठभागच त्या थरात जपलेला असतो.

यॉर्कवासी

तांबटकाका, ही रंगाची गोष्ट मी कुठेच इतकी सोपी वाचली नव्हती. मनापासून आभार. आणि माझ्याकडे एक छोटं नाणं आहे, त्याबद्दल तुम्हाला शेवटी विचारणार आहे.

शंकासूर

एक मूलभूत शंका. या नाण्यांवर खरोखर त्या त्या बाया आहेत हे कशावरून? लिवियाचं उदाहरण घ्या. टायबेरियसच्या २२-२३ च्या दुपोंडियसवर एका बाईचा सुंदर चेहरा आहे, खाली लिहिलंय 'सालुस ऑगुस्ता'. सालुस ही आरोग्याची देवता. तिला लिविया कसं म्हणायचं?

जुनी_टांकसाळ

शंका रास्त आहे आणि तिच्यावर बरंच लिहिलं गेलंय. माझं मत सांगतो.

लिविया म्हणजे ऑगस्टसची बायको आणि टायबेरियसची आई. ऑगस्टस जिवंत असताना रोमच्या टांकसाळीने तिचं नावानिशी एकही नाणं पाडलं नाही. २२ मध्ये ती खूप आजारी पडली, टायबेरियस धावत रोमला परतला. त्याच सुमारास ही नाणी निघाली : सालुस म्हणजे आरोग्य, युस्तितिया म्हणजे न्याय, पिएतास म्हणजे कर्तव्यनिष्ठा. तीन दुपोंडियस, तीन बायकांचे चेहरे. पैकी पिएतास डोक्यावर पदर घेतलेली, युस्तितियाच्या केसांत मुकुट. सालुस मात्र साधी. मधोमध भांग, दोन्ही बाजूंना केसांच्या लाटा, मानेवर छोटा अंबाडा. या तिघींत जिवंत बाईसारखी दिसते ती हीच. आजारपणाचा काळ, आरोग्याची देवता आणि 'ऑगुस्ता' हा शब्द, जो तेव्हा तिचा स्वतःचा किताब होता. वाचणाऱ्याला आणखी काय सांगायला हवं?

आता खरी गंमत. त्याच वर्षांत एक सेस्टर्शियसही निघाला. त्यावर स्पष्ट लिहिलंय 'युलिया ऑगुस्ताला, सिनेट आणि रोमन जनतेकडून'. हे लिवियाचं अधिकृत नाव, ऑगस्टसने मृत्युपत्रात तिला आपल्या घराण्यात दत्तक घेतल्यानंतरचं. आणि चित्र कशाचं? खेचरांच्या गाडीचं. चेहरा नाही.

म्हणजे एका नाण्यावर चेहरा आहे, नाव नाही. दुसऱ्यावर नाव आहे, चेहरा नाही. दोन्ही एकत्र करायचं धाडस टायबेरियसच्या रोमने केलं नाही. हा योगायोग आहे असं मला वाटत नाही.

शंकासूर

पटलं. विशेषतः शेवटचा मुद्दा. तो माझ्या लक्षात आला नव्हता.

कातळशिल्प

नाव आहे पण चेहरा नाही, यावरून सातवाहन राणी नागनिका आठवली. जुन्नरला मिळालेल्या चांदीच्या नाण्यावर सातकर्णीबरोबर तिचंही नाव आहे. नाणेघाटातल्या लेण्यात तिचा मोठा शिलालेख आहेच. चेहरा मात्र नाण्यावर नाही.

रोमच्या बाहेरच्या शहरांत मात्र ऑगस्टसच्या काळातच संकोच दिसत नाही. पर्गमॉनच्या एका ब्राँझच्या नाण्यावर एका बाजूला लिविया 'हेरा' म्हणून आणि दुसऱ्या बाजूला ऑगस्टसची मुलगी युलिया 'ॲफ्रोडायटी' म्हणून आहे, दोघींची नावं ग्रीकमध्ये लिहिलेली. पुढे इ.स.पू. २ मध्ये बापाने या युलियाला व्यभिचाराच्या आरोपावरून हद्दपार केलं. कुठे? त्याच पांडाटेरियावर, जिथे पुढे तिची मुलगी आग्रिपिना मेली. मायलेकी दोघी एकाच बेटावर.

यॉर्कवासी

@कातळशिल्प, मायलेकींचं ते वाचून अंगावर काटा आला. धाग्याच्या सुरुवातीलाच हे लिहायला हवं होतं मी.

खोपा

मी केशरचनांचं काम करते, लग्नसराईत नऊवारी आणि खोप्याची मागणी खूप असते. म्हणून या नाण्यांकडे माझं लक्ष नेहमी मानेपासून वर जातं. लिवियाचा साधा अंबाडा. सम्राट टायटसच्या मुलीच्या, युलियाच्या नाण्यांच्या काळात कपाळावर कुरळ्या केसांचा उंच डोंगर. थोरल्या फॉस्टिनाच्या वेण्या डोक्याच्या माथ्यावर गुंडाळून ठेवलेल्या, जणू चुंबळच, काही नाण्यांत त्यात मोत्यांच्या माळा. तिच्या मुलीचा, धाकट्या फॉस्टिनाचा अंबाडा खाली मागे आला. पुढच्या काळातल्या, सम्राट सेप्टिमियस सेव्हेरसच्या बायकोचे, जुलिया डोम्नाचे केस जाड लाटांचे, कान झाकणारे, मागे सपाट वळवलेले.

हे सगळं टोप लावूनच होत असणार, असं अभ्यासक बराच काळ म्हणायचे. मग अमेरिकेतल्या एका केशरचनाकार बाईंनी प्रयोग केले आणि २००८ मध्ये पुरातत्त्वाच्या नियतकालिकात लेख लिहिला. लॅटिन मजकुरात केसांच्या संदर्भात जो शब्द येतो त्याचा अर्थ सगळे केसांचा काटा असा घेत होते, त्याचा मूळ अर्थ सुई. त्यांनी खऱ्या केसांच्या वेण्या बोथट सुई आणि लोकरीच्या दोऱ्याने शिवून त्या रचना उभ्या केल्या. काटे-आकडे काहीच नको, दिवसभर सुटत नाहीत. मी स्वतः एका मुलीच्या लांब केसांवर फॉस्टिनाची रचना शिवून पाहिली. दोन तास लागले, पण मान हलवून, नाचूनही हलली नाही.

आणि माझ्यासारख्या बाईने हे शोधलं याचा मला फार अभिमान वाटतो.

रानवाट

खोपाताई, फोटो टाका ना!

खोपा

त्या मुलीला विचारून टाकते.

जुनी_टांकसाळ

फॉस्टिना आल्यात तर त्यांच्याबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. थोरली फॉस्टिना इ.स. १४० मध्ये गेली. नवरा अँटोनायनस पायस पुढे २० वर्षं राज्य करत होता, आणि त्या सगळ्या काळात तिची नाणी निघत राहिली : 'दिवा फॉस्टिना', देवपदाला गेलेली फॉस्टिना. मागे कधी 'एतेर्नितास' म्हणजे चिरंतनता, कधी धान्याची देवता सेरेस, कधी मोर. तिच्या जिवंतपणीच्या नाण्यांपेक्षा मरणानंतरची कितीतरी पट जास्त मिळतात. रोमन फोरममधलं तिचं देऊळ आजही उभं आहे, आत नंतर चर्च झालं. ते देऊळ आधी तिचं एकटीचं होतं. नवरा वारल्यावर त्याचं नाव वरच्या ओळीत कोरलं, म्हणून आज दोघांची नावं दिसतात. गरीब मुलींसाठी त्याने तिच्या नावाने मदत सुरू केली, 'फॉस्टिनाच्या मुली' असं नाव, त्याचंही नाणं आहे, पण ते सोन्याचांदीचं.

धाकटीची नाणी बाळांनी भरलेली. सम्राट मार्कस ऑरेलियसची ही बायको, डझनाहून जास्त बाळंतपणं. ३१ ऑगस्ट १६१ ला जुळे मुलगे झाले तेव्हाच्या नाण्यावर आसनावर दोन तान्ही बाळं बसलेली आहेत, अक्षरं 'युगाचं सौख्य'. आणखी एका नाण्यावर ती सहा मुलांसह उभी, दोन कडेवर. त्या जुळ्यांतला एक चारेक वर्षांचा होऊन गेला. दुसरा म्हणजे पुढे सम्राट झालेला कॉमोडस.

शंकासूर

मग हा सन्मान म्हणायचा की बाईचं फक्त मातृत्व दाखवून वंशाची जाहिरात?

यॉर्कवासी

@शंकासूर, मी यावर आठवडाभर विचार करतेय. कॅलिगुलाचं ते तीन बहिणींचं नाणं घ्या. ३७-३८ मध्ये निघालं. पुढे तो स्वतः आणि मागे त्याच्या तिघी बहिणी उभ्या, धाकटी आग्रिपिना, ड्रुसिला, युलिया, प्रत्येकीचं नाव डोक्याशी लिहिलेलं. रोमच्या टांकसाळीच्या नाण्यावर जिवंत बायका नावानिशी आणि आकृतीनिशी पहिल्यांदाच. पण त्या देवता म्हणून उभ्या आहेत. आग्रिपिना खांबाला टेकून सुरक्षितता, ड्रुसिला हातात ताट घेऊन एकोपा, युलिया सुकाणू धरून नशीब. ३८ च्या जूनमध्ये ड्रुसिला वारली. ३९ मध्ये उरलेल्या दोघींना भावाने हद्दपार केलं. म्हणजे नाण्यावर सुरक्षितता आणि नशीब म्हणून उभ्या असलेल्या दोघी वर्ष-दोन वर्षांत बेटावर.

त्यामुळे 'सन्मान' हा शब्द माझ्या जिभेवर येत नाही. पण थोरल्या आग्रिपिनेचं, आईचं नाणं मला वेगळं वाटतं. कॅलिगुला कसाही असो, सात-आठ वर्षं भीतीपोटी आईचं नावही न काढलेल्या मुलाने गादीवर येताच पहिल्या काही कामांत ते काम केलं. त्यात राजकारण होतंच, ऑगस्टसचं रक्त दाखवायचं होतं. तरी वादळात होडी काढणं राजकारणासाठी लागत नाही.

जुनी_टांकसाळ

तिथे मी थोडा असहमत आहे. वादळात जाणं हेही बघणाऱ्यांसाठीच होतं, तसं रोमन इतिहासकारानेच लिहून ठेवलंय. पण तुमचं म्हणणं खोडून काढावंसं वाटत नाही.

अवांतर : क्लॉडियसच्या काळात, ४३ मध्ये, कॅलिगुलाचा चेहरा असलेली सगळी तांब्या-पितळेची नाणी वितळवायचा ठराव सिनेटने केला. तीन बहिणींच्या नाण्यावर पुढे त्याचाच चेहरा, तेव्हा तेही त्यात आलं. आज ते दुर्मीळ आणि महाग आहे. आईच्या नाण्यावर त्याचा चेहरा नव्हता.

निलगिरी

नोकरीनिमित्त बरीच वर्षं तमिळनाडूत काढली, म्हणून भर घालतो. टायबेरियसच्या चांदीच्या डिनेरियसच्या मागे आसनावर बसलेली, एका हातात दंड आणि दुसऱ्यात डहाळी घेतलेली बाई आहे. नाव नाही, पण ती लिविया असावी असं अनेकजण मानतात. ही नाणी कोइमतूरच्या परिसरात आणि दक्षिणेत इतरत्र मोठ्या संख्येने सापडली आहेत, मिरी आणि वैडूर्य मण्यांच्या व्यापारातून आलेली. ब्राँझची नाहीत, हे मान्य. पण रोमच्या राजघराण्यातली बाई भारतात सगळ्यात जास्त हातांत फिरली असेल तर ती हीच.

कातळशिल्प

आणि मराठवाड्यातल्या तेर या जुन्या गावात अशा रोमन नाण्यांच्या भाजलेल्या मातीतल्या नकला मिळाल्या आहेत, गळ्यात घालायच्या.

प्रवासिनी

उशिरा येतेय. आग्रिपिनेचा अस्थिकलश रोममध्ये कॅपिटोलाइन संग्रहालयात मी पाहिलाय. संगमरवराचा चौकोनी मोठा दगड, वर खळगा. अक्षरं स्वच्छ वाचता येतात : मार्कस आग्रिपाची मुलगी, देव ऑगस्टसची नात, जर्मॅनिकस सीझरची पत्नी, सम्राट गायस सीझरची आई. इथे सगळी नाती एकत्र आहेत, नवराही. मध्ययुगात हा दगड समाधीतून बाहेर काढला आणि त्या खळग्याचं धान्य मोजायचं माप केलं. अन्नावाचून गेलेल्या बाईचा कलश, आणि त्यातून कित्येक वर्षं धान्य मोजलं गेलं. मी बराच वेळ तिथे उभी होते.

यॉर्कवासी

प्रवासिनी, म्हणजे दगडावर मुलाने बापाचं नाव ठेवलं आणि नाण्यावर मात्र गाळलं. समाधीतला दगड बघणारे थोडे, नाणं बघणारे लाखो. यावर मला परत विचार करावा लागेल.

तांबटकाका, आता माझा प्रश्न. मी त्या दिवशी आग्रिपिना घेऊ शकले नाही. घेतलं ते सम्राट कॉन्स्टंटाइनच्या आईचं, हेलेनाचं छोटं ब्राँझचं नाणं, तीनेक ग्रॅमचं, आजच्या जर्मनीतल्या ट्रियरच्या टांकसाळीचं, ३२४ नंतरचं. मागे डहाळी धरलेली बाई, 'राज्याची सुरक्षितता'. इथे यॉर्कलाच ३०६ मध्ये तिच्या मुलाला सैन्याने सम्राट म्हणून पुकारलं, म्हणून हे घ्यावंसं वाटलं. तिच्या सुनेची, फॉस्टाची नाणीही त्याच वेळी निघत होती, उभी, हातांत दोन बाळं घेतलेली. ३२६ मध्ये फॉस्टाला मारलं आणि तिची नाणी थांबली, सासूची चालू राहिली. तर माझ्या हेलेनाच्या गळ्याशी फिकट हिरवी पूड दिसतेय. बोट लावलं की बोटाला येते. काय करू?

तांबटआळी

ताई, गडद हिरवा, घट्ट बसलेला थर असेल तर हात लावू नका. पण फिकट आणि भुकटी होणारा हिरवा म्हणजे धातूच्या आत क्षार शिरलेत, दमट हवेत तो रोग पसरत जातो. ती पूड लाकडी टूथपिकने हलकेच काढा, भिंगातून बघत. मग नाणं डिस्टिल्ड पाण्यात ठेवा. नळाचं नको, त्यात क्लोरीन असतं. पाणी दर दोन दिवसांनी बदला, काही आठवडे. मग पूर्ण वाळवून सिलिका जेलच्या पुडीबरोबर बंद डबीत ठेवा. बाकीच्या नाण्यांपासून सध्या लांबच ठेवा.

खोपा

फोटो टाकलाय, वेगळ्या धाग्यात. त्या मुलीची आई म्हणाली, नाव लिहू नका पण चेहरा दिसला तरी चालेल.

यॉर्कवासी

खोपाताई, बघितला, फार सुंदर.

काका, आज दहावा दिवस. पाणी पाचव्यांदा बदललं. पहिल्या दोन वेळा तळाशी हिरवट गाळ होता, आता पाणी स्वच्छ आहे. हेलेनाच्या गळ्यातली माळ पहिल्यांदाच नीट दिसली, दोन पदरी आहे.